पिल्लं समुद्रात गेल्यावर

फेब्रुवारी अर्धा सरला की कोकणातल्या काही गावांत फोन वाजायला लागतात. विचारणा ठरलेली असते. "या शनिवारी पिल्लं दिसतील का हो?" मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीचं आंजर्ले, गुहागर, पलीकडे रायगडात हरिहरेश्वर, खाली वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी. कासवाची पिल्लं वेळापत्रक पाहून बाहेर पडत नाहीत, हे सांगून सांगून फोन घेणारा थकतो. तरी गाड्या येतात. सकाळी सातच्या सुमारास किनाऱ्यावर बांधलेल्या दोरीमागे गर्दी होते, घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली जाते आणि रात्रीतून वर आलेली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूवर सोडली जातात. ती वल्ही मारत मारत लाटेपर्यंत पोचतात, एक-दोनदा मागे फेकली जातात आणि दिसेनाशी होतात. टाळ्या वाजतात. मग परतीच्या वाटेवर कोणीतरी हमखास विचारतं, "आम्हाला इथे येऊन काही काम करता येईल का?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याइतकं सोपं नाही. स्वयंसेवकाने कासवांसाठी नेमकं काय करायचं, त्याने कासवं खरोखर वाढतात का, आणि वाढली तर कोणाच्या कामामुळे, याचा सहा-सात दशकांचा अनुभव आता जगाच्या गाठीशी आहे. त्यातला बराचसा भारताच्या किनाऱ्यावरचा आहे. तो पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. ज्या क्षणाला टाळ्या पडतात, तो या सगळ्या कामातला सर्वांत कमी महत्त्वाचा क्षण आहे.

आधी काम काय असतं ते पाहू. कोकणात ऑलिव्ह रिडलेच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. मादी रात्री किनाऱ्यावर चढते, भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू गाठते, मागच्या वल्ह्यांनी दीडएक फूट खोल खड्डा उकरते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने धपाधप दाबते आणि परत जाते. सगळा कारभार तासाभराचा. पुन्हा ती त्या घरट्याकडे वळूनही पाहत नाही. अंडी उबतात ती वाळूच्या उष्णतेवर, आणि पिल्लं बाहेर पडायला ४५ ते ६० दिवस लागतात. एवढे दिवस ती अंडी कुत्री, कोल्हे, रानडुकरं, घोरपडी, खेकडे, उधाणाचं पाणी आणि माणूस यांच्यातून वाचली पाहिजेत.

म्हणून गस्त. रात्री किंवा उजाडायच्या आत किनारा चालून काढायचा. मादीच्या येण्या-जाण्याचा माग ओल्या वाळूत ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा उमटलेला असतो. मागाच्या वरच्या टोकाला काठीने हलकेच टोचून मऊ वाळू कुठे लागते ते पाहायचं. गंमत अशी की काठी टोचण्याची ही विद्या अंडीचोरांची. संवर्धनवाल्यांनी ती त्यांच्याकडूनच घेतली. घरटं धोक्याच्या जागी असेल तर अंडी काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच आकाराच्या, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. हे अंडी घातल्यापासून काही तासांच्या आत व्हावं लागतं, कारण त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं की मरतो. मग वहीत तारीख, वेळ, जागा, अंड्यांची संख्या. पुढचे दीड-दोन महिने राखण. पिल्लं निघाली की किती निघाली, किती अंडी वाया गेली, तेही मोजायचं. पाहुण्याला दिसतात ती शेवटची दहा मिनिटं. आधीचे पन्नास दिवस कोणीतरी किनाऱ्यावर असतं म्हणून ती दिसतात.

हे काम साधं वाटतं, पण त्यात हात घालणाऱ्याने चांगल्या हेतूवर फार विसंबू नये. १९७०च्या दशकात सुरिनामसह अनेक ठिकाणी अंडी सुरक्षित राहावीत म्हणून थर्मोकोलच्या खोक्यांत उबवत. अंडी वाचत होती, पिल्लं निघत होती, सगळे खूश होते. पुढे कळलं की कासवाचं लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही, अंडी उबण्याच्या मधल्या काळातल्या तापमानावर ठरतं. साधारण तीस अंशांच्या आसपासच्या उंबरठ्याखाली नर जास्त, वर गेलं की माद्या जास्त. खोक्यांतलं तापमान वाळूपेक्षा कमी होतं. म्हणजे कासवं वाचवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं नरच नर तयार करून समुद्रात सोडले असण्याची शक्यता मोठी. आज काळजी उलट दिशेची आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या, अजून वयात न आलेल्या हिरव्या कासवांमध्ये ९९ टक्के माद्या आढळल्या. वाळू तापते आहे. हॅचरीवर सावली धरायची का, किती, कोणत्या आठवड्यांत, हे ठरवायला तापमानाच्या नोंदी लागतात. नुसत्या उत्साहाने ते होत नाही.

आता थोडा इतिहास. कासवांसाठी माणसं जमवण्याची आधुनिक पद्धत सुरू झाली ती मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर. आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये 'द विंडवर्ड रोड' हे पुस्तक लिहिलं. ते वाचून भारावलेल्या मंडळींनी एक गट बांधला आणि १९५९ मध्ये त्यातूनच कासवांसाठी काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही संस्थांपैकी एक उभी राहिली. तोर्तुगेरोला रात्री गस्त घालायची, मादीच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला लावायचा, नोंद करायची, हे काम तेव्हापासून चालू आहे. आज तिथे परदेशी तरुण आठवड्याच्या हिशेबाने पैसे भरून गस्तीला येतात. तिथली हिरवी कासवं दशकांमागून दशकं वाढली. पण त्याचं श्रेय एकट्या स्वयंसेवकांना देणं चूक होईल. १९७५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, कायदे झाले, अंडी आणि मांस विकून जगणाऱ्या गावाला पर्यटनाची मिळकत सुरू झाली. गस्तवाल्यांच्या वह्या होत्या म्हणून ही वाढ मोजता आली, आणि मोजता आली म्हणून जगाला पटवता आली.

भारतात हे बीज पडलं मद्रासला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर आणि मद्रास स्नेक पार्कच्या मंडळींनी रात्रीची किनारा-पायपीट सुरू केली. त्याच वर्तुळातून सतीश भास्कर पुढे आले. हा माणूस भारताचा हजारो किलोमीटर किनारा पायी फिरला, बेटांवर एकटा राहिला. १९८२ चा पावसाळा त्यांनी लक्षद्वीपच्या निर्मनुष्य सुहेली बेटावर काढला, कारण तिथे हिरवी कासवं अंडी घालतात ती पावसाळ्यात, आणि त्या काळात तिथे होडी जात नाही. पत्नीला लिहिलेलं पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडलं. ते श्रीलंकेच्या एका मच्छीमाराला सापडलं आणि त्याने ते पोस्टाने पाठवून दिलं. गोष्ट सांगावी अशी आहेच, पण भास्करांचं मोठेपण बाटलीत नाही. कोणत्या बेटावर कोणतं कासव किती येतं, याचा भारताजवळ जो पहिला विश्वासार्ह पाया आहे तो बराचसा त्यांच्या पायपिटीतून आला. स्नेक पार्कमध्येच कॉलेजात असताना स्वयंसेवक म्हणून दाखल झालेल्या जे. विजया यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंगालच्या किनाऱ्यावर चाललेल्या कासवांच्या कत्तलीची छायाचित्रं काढली. ती 'इंडिया टुडे'त छापून आली आणि तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधींनी तटरक्षक दलाला लक्ष घालायला सांगितलं. पिल्लू हातात न धरताही एका स्वयंसेवकाने हजारो कासवांचा जीव कसा वाचवावा, याचा याहून मोठा धडा मला अजून दिसलेला नाही.

चेन्नईत १९८८ मध्ये कॉलेजच्या मुलांनी 'स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क' सुरू केलं. नावात विद्यार्थी आहेत आणि आजही ते विद्यार्थ्यांच्याच जिवावर चालतं. हंगामात रोज रात्री नीलांकराई ते बेसंट नगर असे काही किलोमीटर चालायचं, घरटी हॅचरीत आणायची. शनिवार-रविवारी नागरिकांना बरोबर घ्यायचं. सहा महिन्यांनी सगळे पांगतात, पुढच्या वर्षी नवी मुलं येतात. पण वही एकच राहते. सुरुवातीच्या त्या मुलांपैकी कार्तिक शंकर पुढे देशातले आघाडीचे कासव-अभ्यासक झाले. एवढ्या वर्षांत तिथे किती पिल्लं सोडली हा आकडा मोठा आहेच, पण चेन्नईसारख्या शहरात समुद्राकाठचे दिवे हंगामापुरते विझवावेत असा आग्रह धरणारी पिढी त्या चालण्यातून तयार झाली, हे मला अधिक मोलाचं वाटतं. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे जातात. मागे रस्त्याचा दिवा असेल तर रस्त्याकडे जातात.

आपल्याकडची गोष्ट वेळासची. नाना फडणविसांचं गाव ही त्याची आधीची ओळख. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेची माणसं २००२ मध्ये सागरी गरुडाच्या पाहणीसाठी त्या भागात फिरत असताना त्यांना कासवाचं उकरलेलं घरटं दिसलं. चौकशी केली तेव्हा कळलं, अंडी खाल्ली जातात, विकली जातात, सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणाला त्यात वावगंही वाटत नाही. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिस केस करण्याचा मार्ग धरला नाही. ज्याला घरटं शोधता येतं त्यालाच राखणीला बसवलं. अंडी विकून चार पैसे मिळत, त्याऐवजी अंडी राखून मानधन मिळू लागलं. २००६ मध्ये गावात पहिला कासव महोत्सव झाला. पाहुण्यांना हॉटेल नाही, गावातल्या घरांतच राहायचं, घरचं जेवायचं, झोपायला पडवी किंवा माजघर. पैसा थेट घरात येऊ लागल्यावर कासवाविषयी गावाचं मत वेगळं व्हायला प्रवचनाची गरज उरली नाही.

ब्राझीलमध्ये १९८० पासून चाललेल्या 'तामार' प्रकल्पाने हेच केलं होतं. अंडी उकरणाऱ्या मच्छीमारांनाच नोकरीवर घेतलं. कोस्टा रिकातल्याच ओस्तिओनालने तर त्याहून धाडसी वाट धरली. तिथे ऑलिव्ह रिडले हजारोंनी एकाच वेळी येतात, आणि नंतर आलेल्या माद्या आधीच्यांची घरटी उकरून टाकतात. म्हणून १९८७ पासून गावाला पहिल्या छत्तीस तासांतली अंडी कायदेशीर गोळा करून विकू दिली जातात. त्या बदल्यात गाव किनारा राखतं, कुत्री हाकलतं, पिल्लं सांभाळतं. आपल्याकडे हे चालणार नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत, आणि कोकणात ती हजारोंनी येतही नाही. पण वेळास, ब्राझील आणि ओस्तिओनाल या तिन्ही ठिकाणी किनाऱ्यावर वर्षभर राहणारा माणूस पगारी आहे किंवा त्याचा संसार कासवावर थोडाफार चालतो. ज्याला आपण कौतुकाने 'कासवमित्र' म्हणतो तो फुकट काम करणारा हौशी नसतो, नसावा. नोव्हेंबर ते मे रात्रीची झोप मोडून किनारा चालणाऱ्याला मानधन वेळेवर मिळतं का, पावसाळ्यात त्याने काय करायचं, हे प्रश्न कासवाच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत. महोत्सवाच्या बातम्यांत मात्र हे प्रश्न कुठेच नसतात.

आता ज्याने हे सगळं काम एका झटक्यात उलटं धरून पाहिलं त्या संशोधनाकडे. १९८७ मध्ये डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल यांनी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लॉगरहेड कासवांचं गणित मांडलं. अंड्यापासून म्हाताऱ्या मादीपर्यंत आयुष्याचे टप्पे केले आणि विचारलं, कोणत्या टप्प्यावर मरण कमी केलं तर कासवं वाढतील? उत्तर किनाऱ्यावर राबणाऱ्यांना झोंबणारं होतं. एकही अंडं वाया गेलं नाही असं धरलं तरी कासवांची घसरण थांबत नव्हती. घसरण थांबत होती ती मोठ्या, वयात येऊ घातलेल्या कासवांचं मरण कमी केल्यावर. ती मरत होती कोळंबीच्या ट्रॉलर जाळ्यांत. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की गुदमरतं. मोठं व्हायला दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त वर्षं घेतलेली एक मादी मेली तर तिची भरपाई करायला किती घरटी राखावी लागतील, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

मेक्सिकोच्या केम्प्स रिडले कासवाने हे प्रत्यक्षात दाखवलं. १९४७ मध्ये एका हौशी माणसाने काढलेल्या चित्रफितीवरून पुढे अंदाज बांधला गेला की रांचो नुएव्होच्या किनाऱ्यावर त्या एका दिवशी सुमारे चाळीस हजार माद्या होत्या. १९८५ मध्ये पूर्ण हंगामात ७०२ घरटी मिळाली. मधल्या काळात किनाऱ्यावर पहारा नव्हता असं नाही, १९६६ पासून होता. शिवाय १९७८ पासून पुढे दीडएक दशक अमेरिकेत पिल्लं टाकीत वर्षभर वाढवून मोठी करून सोडण्याचा खर्चिक प्रयोगही झाला. जाळ्यांना कासव बाहेर पडण्याची जाळीची वाट बसवणं सक्तीचं झालं तेव्हा कुठे, किनाऱ्याच्या पहाऱ्याच्या जोडीने, घरटी पुन्हा हजारांत गेली. नॅट फ्रेझर या अभ्यासकाने १९९२ मध्ये हॅचऱ्या आणि टाक्यांना 'अर्ध्या वाटेचं तंत्रज्ञान' म्हटलं. रोगाचं कारण तसंच ठेवायचं आणि रोग्यांची संख्या वाढवत राहायची, असा त्याचा टोमणा. मला तो थोडा कठोर वाटतो, कारण वेळासला घरट्यामागून घरटं माणसंच उकरत होती आणि तिथे हॅचरीने कारणावरच घाव घातला. पण अंडीचोरी थांबल्यानंतरही वीस वर्षं फक्त हॅचरीच करत राहिलो तर टोमणा आपल्यालाही लागू होतो.

समुद्रातली बाजू आपल्याकडे किती नाजूक आहे हे २०२५ च्या जानेवारीत चेन्नईने पाहिलं. काही आठवड्यांत शेकडो मेलेली ऑलिव्ह रिडले किनाऱ्यावर आली, फुगलेली, डोळे बाहेर आलेली. रात्री जी मुलं घरटी शोधत होती तीच दिवसा मढी मोजत होती. ही मोजदाद नसती तर प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलंच नसतं. अमेरिकेने कासव-वाट नसलेल्या जाळ्यांतली भारतीय कोळंबी २०१९ पासून बंद केली आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना चालेल अशी वाट तयारही केली आहे. तरी ती बसवायला बोटवाले नाखूश असतात. त्यांचं म्हणणं साधं आहे, त्या वाटेने मासळीही जाते. ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळ १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारी बंद असते. कासवांसाठी ते ठीकच आहे, पण सात महिने होडी काठाला बांधून बसणाऱ्याला विचारा. ऋषिकुल्याला २०२५ मध्ये सुमारे सात लाख कासवं आल्याची नोंद झाली, त्याचं श्रेय घेताना त्या होडीवाल्याचा वाटा कोणी सांगत नाही. तोही एक प्रकारचा स्वयंसेवकच, फक्त त्याला कोणी विचारून घेतलेलं नाही.

या बाबतीत महाराष्ट्राने एक शहाणपणाची गोष्ट केली आहे आणि तिची चर्चा पिल्लांच्या फोटोंपेक्षा फार कमी होते. २०१८ च्या अखेरीपासून, संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर छायाचित्र दाखवून जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव, देवमासा, डॉल्फिन, बहिरी मासा असे प्राणी यात येतात. एक मोठी मादी अशी सुटली तर वर दिलेल्या गणितानुसार ती अनेक हॅचऱ्यांच्या बरोबरीची. कासव जाळ्यात आलं की हळदकुंकू लावून, नारळ वाहून सोडण्याची चाल आपल्या कोळीवाड्यांत काही ठिकाणी आधीपासून आहेच. भरपाईने त्या चालीला जाळ्याची किंमत जोडली. जखमी कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात पालघर-मुंबईच्या किनाऱ्यावर तुटक्या जाळ्यांत गुंतलेली, वल्हं तुटलेली कासवं येतात, तेव्हा त्यांना उचलून नेणारे, फोन करणारे बहुतेक सामान्य लोकच असतात.

मालदीवमध्ये २०१३ पासून 'ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट' टाकून दिलेली जाळी गोळा करतं. गंमत म्हणजे मालदीवच्या माणसाचा व्यवसाय गळाने ट्यूना धरण्याचा. तिथल्या किनाऱ्यावर येणारी मोठी जाळी बहुधा दुसऱ्या देशांची असतात. आपला समुद्र म्हणजे सगळ्यांचा समुद्र, हे तिथे कासवांच्या मानेतून सोडवलेल्या दोऱ्या मोजून कळतं.

किनारा उरला तर कासव. केरळात कोळिकोडजवळच्या कोळावीपालममध्ये तरुण मच्छीमारांनी १९९२ मध्ये 'तीरम' नावाने काम सुरू केलं. वेळासच्या दहा वर्षं आधी, कोणाच्या अनुदानाशिवाय. त्यांनी वर्षानुवर्षं घरटी राखली. पण नदीच्या मुखातून वाळू उपसली गेली, किनारा खचला, समुद्र आत आला, संरक्षक भिंती आल्या, आणि हळूहळू मादीला चढायला वाळूच उरली नाही. चोख हॅचरी, प्रामाणिक माणसं, आणि घरटी मूठभर. कोकणात 'धूपप्रतिबंधक बंधारा' हा शब्द गावोगावच्या मागणीपत्रात असतो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम पुढे सरकतं आहे. गोव्यातले मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत कासवांची जागा म्हणून नाव घेऊन नोंदवले आहेत. त्यातल्या मोरजीला रात्री उभं राहून पाहिलं की कायदा कागदावर असताना रेस्टॉरंटांचे दिवे किती लख्ख असू शकतात ते कळतं. किनाऱ्यालगत मोठ्या प्रकल्पाचा अर्ज येतो तेव्हा अनेकदा जनसुनावणी असते. तिथे खुर्च्या रिकाम्या असतात.

पैसे देऊन कासवांचं काम करायला जाण्याची जी नवी लाट आली आहे तिच्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. श्रीलंकेच्या कोसगोडा भागात रस्त्याच्या कडेला हॅचऱ्या आहेत, तिकीट काढून पर्यटक पिल्लं हातात घेतो. त्यासाठी पिल्लं काही दिवस टाकीत ठेवली जातात. पिल्लू बाहेर पडल्यावर पहिला साधारण दिवसभर बेभान पोहतं, तेवढ्यात ते किनाऱ्याजवळच्या धोक्यातून पार होतं. ती ताकद टाकीत संपते. टाकीतून, दिवसाढवळ्या, हाताने सोडलेलं पिल्लू फोटोत छान दिसतं, एवढंच. कोणताही कार्यक्रम तुम्हाला पिल्लू हातात देत असेल तर तो कार्यक्रम तुमच्यासाठी आहे, कासवासाठी नाही. कोकणात दोरी असते, पिल्लं स्वतः चालत जातात, फ्लॅश बंद असतो, हे चांगलं आहे. हात हलवत सेल्फीला पुढे सरकणाऱ्याला दोरीमागे ढकलणं हे कासवमित्राचं सर्वांत त्रासाचं काम असतं.

मग बाहेरून येणाऱ्याने काय करावं? रात्रीची गस्त हौसेखातर कोणालाही करता येत नाही, करूही नये. वनविभागाची परवानगी लागते, तीच बरोबर. पण गस्तीच्या वह्यांतून काय निघतं ते पाहिलं की आपली जागा कळते. २५ जानेवारी २०२२ ला वेळासला 'प्रथमा' या मादीला उपग्रह टॅग लावला. मग आंजर्ल्याची 'सावनी', गुहागरच्या 'वनश्री', 'लक्ष्मी' आणि 'रेवा'. पुढच्या वर्षी गुहागरच्या 'बागेश्री'ने तर दक्षिणेला वळसा घालून थेट बंगालचा उपसागर गाठला. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. साडेतीन हजार किलोमीटर पार करून, भारताला वळसा घालून ती आली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, हा समज त्या एका आकड्याने डळमळला. तो बिल्ला कळण्यासाठी महत्त्वाच्या दोनच गोष्टी होत्या. चार वर्षांपूर्वी ओडिशात कोणीतरी नोंद नीट ठेवली होती, आणि त्या रात्री गुहागरच्या वाळूवर कोणीतरी जागं होतं.

ज्यांना आठवडा-दोन आठवडे देता येतात त्यांनी जुन्या नोंदी टंकून द्याव्यात, हॅचरीतल्या तापमानाच्या नोंदी घ्याव्यात, किनाऱ्यावरच्या जाळ्यांचे तुकडे वेचावेत, गावातल्या शाळेत बोलावं. वर्सोव्याचा किनारा २०१५ पासून लोकांनी हाताने साफ केला आणि मार्च २०१८ मध्ये तिथे पिल्लं दिसली. झाडूसुद्धा कासवाचं काम करतो. ज्यांना एकच दिवस देता येतो त्यांनी गावच्या घरातच राहावं, तिथे जेवावं, पिल्लं दिसली नाहीत तरी पैसे देताना घासाघीस करू नये. आणि ज्यांचं घर किंवा हॉटेल समुद्राकाठी आहे त्यांनी नोव्हेंबर ते मे समुद्राकडचे दिवे विझवावेत. हे शेवटचं काम कोणी स्वयंसेवा म्हणून मोजत नाही.

तुमच्या ओळखीत एखादी मासेमारी बोट असेल तर तिच्या तांडेलाला पंचवीस हजारांच्या भरपाईबद्दल सांगा, आणि अर्ज करताना त्याला मदत करा. कागद भरताना अडलेली माणसं तिथे बरीच भेटतील.